दादाने सांगितलेली माझी शुगर

माझा आरोग्य विमा पाच वर्षांपूर्वीचा आणि मधुमेह तीन वर्षांपूर्वीचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सांगलीच्या रुग्णालयात तो उलटा नोंदवला गेला.

तळपायाच्या जखमेत पू झाला होता. दोन दिवसांत शस्त्रक्रिया करा, असे डॉक्टरांनी सांगितले. सोबत तासगावहून आलेला चुलतभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो बेदाण्याचा व्यापार करतो आणि रुग्णाला भेटायला जाताना बेदाणाच नेतो. मधुमेही रुग्णासाठी त्याने एक किलो आणला होता. मला ड्रेसिंगला नेले तेव्हा कनिष्ठ डॉक्टरने माझी माहिती त्याच्याकडून घेतली.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने मंजुरी नाकारली. कारण एका ओळीचे होते : रुग्णास अकरा वर्षांपासून मधुमेह असून पॉलिसी घेताना तो लपवला.

मी केसपेपर मागवला. त्यावर लिहिले होते : मधुमेह, अकरा वर्षे. गोळी अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. मी सकाळी एक अख्खी गोळी घेतो. बातमीदारीत इतकी वर्षे गेल्यावर एवढे कळते की, चुकीची माहिती सहसा मोघम असते. अर्धी-अर्धी गोळी हा अंदाज नव्हता.

"दादा, ही गोळी कोणाची?"

"कुठली रं?"

"अर्धी-अर्धी."

त्याने दाराकडे पाहिले. वहिनी डबा घेऊन यायची वेळ झाली होती.

"माजी हाय," तो म्हणाला. "डाक्टरनं इचारलं, शुगर किती वर्सं? इतक्या वर्सांत मला कुनी इचारलंच न्हवतं गड्या. आपसूक तोंडातनं गेलं."

"घरी माहीत नाही?"

"येडा हायस का? लग्नाच्या पंगतीत वाढपी माज्या ताटापाशी आला की जिलबीचं ताट मागं घील. मानूस जित्ता आसून काय उपेग?"

विमा कक्षातल्या बाईंना दोन कागद हवे होते : माझा पहिला तपासणी अहवाल आणि माहिती देणाऱ्याचा लेखी खुलासा. अहवाल माझ्या पिशवीत होता. खुलासा लिहायला दादाला पाऊण तास लागला. "अंदाजे सांगितले, असं लिवू का?" हे त्याने तीनदा विचारले. मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. शेवटी कागद घडी घालून त्याने स्वतः बाईंच्या हातात दिला.

थोड्या वेळाने बाई कागद घेऊन वॉर्डात आल्या. एक ओळ त्यांना समजली नव्हती. तेवढ्यात वहिनीही आली आणि डबा स्टुलावर ठेवून उभी राहिली. बाईंनी मोठ्याने वाचले, "'सदर मधुमेह माझा स्वतःचा असून चुकून भावाच्या नावे सांगितला गेला. ही बाब माझ्या मंडळींना कळवू नये.' या मंडळी म्हणजे कोण?"

"मी," वहिनी म्हणाली.

दादा खिडकीबाहेर उभी असलेली एसटी पाहू लागला.

"आवं, म्हंजी परवा च्यार पुरनपोळ्या हानल्यासा, वर गुळवनी मागितलंसा, ते शुगर आसताना?"

"तीनच हुत्या."

"आनि चौथी काय मांजरानं खाल्ली? भावजी, तुमाला कवा कळलं?"

"आज सकाळी," मी म्हणालो. ते खरे होते आणि त्यामुळे मी वाचलो.

ओळ खोडायची का, असे बाईंनी विचारले. "ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली. "खरं हाय ते समदं जाऊ द्या." कागद तसाच गेला.

संध्याकाळी मंजुरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. निरोप द्यायला बाई आल्या तेव्हा वहिनीने विचारले, "बाई, ह्यांचा बी इमा निघंल का?"

"निघेल. मधुमेह आहे हे आधीच सांगायचं आणि वर्षं नीट लिहायची. किती, अकरा ना?"

दादाने बेदाण्याच्या पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली.

"तेरा लिवा," तो म्हणाला.

माझ्या दाव्याशी त्या दोन वर्षांचा काही संबंध नव्हता. वहिनीने मात्र पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.