पथकात आचारी एकच

माझे वडील राष्ट्रीय सराव केंद्राच्या भोजनगृहात बावीस वर्षं मुख्य आचारी होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, त्यांच्याच हाताखाली काम करायचा. खेळाडू वडिलांना ‘मोठे’ आणि काकाला ‘धाकटे’ म्हणत. “मोठे, भात संपला का?” अशी हाक आली की वडील पातेल्यातून मान न काढता म्हणायचे, “तुझ्यापुरता संपलाय. बाकीच्यांना आहे.”

दर चार वर्षांनी देशाचं पथक मोठ्या स्पर्धेला जायचं. वीसेक खेळ, सव्वाशेच्या आसपास माणसं. आचाऱ्याला मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण तिकडे क्रीडाग्रामात साऱ्या देशांचं जेवण एकत्रच असतं. पण मागच्या खेपेला निम्म्या पथकाची पोटं बिघडली, तेव्हा समितीने ठरवलं की या वेळी आपला एक आचारी न्यायचा आणि पथकापुरतं वेगळं शिजवायचं. जागा एकच.

ज्या दिवशी हे कळलं, त्याच संध्याकाळी वडील पासपोर्टचे फोटो काढून घरी आले. आईने विचारलं, “नाव लागलं का?”

“लागायला दुसरं आहे कोण?” ते म्हणाले.

आठवड्याने यादी लागली, तिच्यात काकाचं नाव होतं. पथकाबरोबर जाणाऱ्याकडे क्रीडा आहाराचं प्रमाणपत्र हवं, अशी अट निघाली. ते केंद्रात फक्त काकाकडे होतं. दोन वर्षांपूर्वी तो सहा महिने दुपारच्या वर्गांना जात होता आणि त्याच्या वाटणीची पाळी वडिलांनी ओढली होती. “शिकू दे त्याला,” असं तेव्हा ते भाजीवाल्यालासुद्धा कौतुकाने सांगायचे.

काका घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला. मग म्हणाला, “दादा, मी समितीशी बोलतो. तू जा.”

“मला कुणाचं उष्टं नको,” वडील म्हणाले आणि आत निघून गेले. काकाने चहाही घेतला नाही.

पथक गेलं आणि भोजनगृह एकदम रिकामं झालं. सव्वाशे ताटं लागायची तिथे सहा लागू लागली. कुणाचा गुडघा दुखावलेला, कुणाचं नाव शेवटच्या चाचणीत गळालेलं. त्यात एक भालाफेकवाला होता, अकरा सेंटिमीटरने राहिलेला. वडील आता वाढून झालं की त्यांच्यातच ताट घेऊन बसायला लागले. उद्घाटनाचं संचलन त्या सहा जणांबरोबर त्यांनी भोजनगृहातल्या टीव्हीवर पाहिलं. आपलं पथक आलं तसा भालाफेकवाला म्हणाला, “तो बघा, तिसऱ्या रांगेत. माझ्या जागी गेलेला. हात कसा हलवतोय.”

“स्वतःच्याच वरातीत आल्यासारखा,” वडील म्हणाले. सगळे हसले. ते हसणं चांगलं नव्हतं, असं त्या भालाफेकवाल्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. पण त्या सहा जणांशी मोठ्यांचं जेवढं जमलं, तेवढं पदकवाल्यांशी कधी जमलं नव्हतं, असंही तो म्हणाला.

घरी वडील नेहमीसारखेच वागायचे, फक्त काकाचा विषय निघाला की त्यांना काहीतरी काम आठवायचं. काका तिकडून फोटो पाठवायचा. गळ्यात ओळखपत्र, मागे झेंडे. आई आणि मी बघायचो. वडील म्हणायचे, “नंतर बघतो.” मी एकदा पाणी प्यायला उठले, तर ते दाराआड उभे राहून तोच फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. ओळखपत्रावरचं हुद्द्याचं नाव वाचायचा प्रयत्न चालला होता.

स्पर्धेच्या पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांचा फोन वाजला. काकाचा होता. त्यांनी बघितलं आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. त्यांनी तो उशीखाली सारला, चपला घातल्या आणि “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून बाहेर पडले.

काका कशासाठी फोन करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पथकात एक बारकी मुष्टियोद्धी होती, सगळे तिला चिमणी म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं वजन व्हायचं होतं. वजनाच्या आदल्या दिवशी तिच्या पोटात काही म्हणून टिकत नसे. खाल्लं की उलटून पडायचं आणि मग रिंगणात पायातलं त्राण जायचं. चार वर्षं तिचं ते एक दिवसाचं खाणं वडील स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. डॉक्टरांच्या कागदावर किती ग्रॅम ते असायचं. ते तिच्या गळ्याखाली कसं उतरवायचं हे फक्त वडिलांना माहीत होतं.

म्हणजे, असं ते समजत होते.

उशीखालचा फोन परत वाजायला लागला तेव्हा आईने कणीक माखलेले हात पुसले आणि तो उचलला. काकाचा आवाज मला पलंगापलीकडून ऐकू येत होता. “वहिनी, दादा कुठाय? सकाळपासून पोरीच्या पोटात काही ठरत नाही.”

“ते बाहेर गेलेत. तुम्ही लिहून घ्या,” आई म्हणाली. “बटाटा सालीसकट वाफवायचा आणि पूर्ण थंड होऊ द्यायचा. गरम अजिबात द्यायचा नाही. मीठ नाही. अंड्याचा फक्त पांढरा भाग, बटाट्यात कुस्करून. आणि वाटीला आतून लिंबाची साल चोळायची. रस नाही, साल. त्या वासाने तिला मळमळत नाही. तासातासाने दोन चमचे. आणि समोर बसून वजनाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, तिच्या घरच्या कुत्र्याबद्दल विचारायचं.”

मी बघतच राहिले. आई म्हणाली, “चार वर्षं जेवताना तेच ऐकतेय. पाठ नाही होणार?”

वडील तासाभराने आले. फोन घेतला, बघितला. शेवटचा फोन उचललेला होता, नऊ मिनिटं. त्यांनी आईकडे बघितलं. आई पोळ्या लाटत होती.

चिमणीचं वजन बरोबर भरलं. पहिली लढत तिने जिंकली. दुसरीत तिच्यापेक्षा सरस मुलगी समोर आली आणि ती हरली, त्यात खाण्याचा काही दोष नव्हता. जिंकली त्या दिवशी भोजनगृहातले सहाही जण उठून टाळ्या वाजवत होते. वडीलही वाजवत होते. मला ते खूप वर्षांनी म्हणाले, “ती हरावी असं मला वाटत नव्हतं. माझ्यावाचून जिंकू नये, एवढंच वाटत होतं.”

काका परत आला तो थेट आमच्याकडे. पथकाचं गर्द हिरवं जाकीट त्याने आईपुढे ठेवलं. “वहिनी, हे तुमचं. तुमच्यामुळे निभावलं.”

आईने ते तिथल्या तिथे घालून बघितलं आणि आरशापुढे उभी राहिली. वडील पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही. धाकट्या भावावर जळून झालं होतं, आता बायकोचीही पाळी आली होती.

जेवताना काका म्हणाला, “त्या दुपारी मला वाटलं तुला बरं नाहीये.”

“बरा होतो,” वडील म्हणाले. “फोन बघून ठेवून गेलो होतो.”

आईचा वाढता हात थांबला. काकाने मान खाली घातली आणि दोन घास जेवला. मग म्हणाला, “आमटी वाढ जरा.”

वडिलांनी वाढली. थोड्या वेळाने त्यांनी, काकाकडे न बघता, विचारलं, “तिथल्या मोठ्या स्वयंपाकघरात गेला होतास?”

“एकदा. मागच्या दाराने सोडलं त्यांनी.”

“भट्ट्या किती होत्या?”

काका सांगायला लागला. भट्ट्या, वाफेची कपाटं, माणूस उभा मावेल अशी पातेली, भाजी चिरणाऱ्या चाळीस जणांची रांग. वडिलांचा जबडा घट्ट होता, हाताचं बोट ताटाच्या कडेवर फिरत होतं. मध्येच म्हणाले, “धावू नकोस. सावकाश सांग.”