लांब स्क्रू

त्याला सगळे किल्लीवालाच म्हणत. चर्चच्या वहीत त्याचं खरं नाव होतं, पण पाळकसुद्धा उपासना संपल्यावर "काय किल्लीवाले, बरंय ना?" असंच विचारत. बसथांब्यामागे त्याची टपरी होती. एवढीशी, की तो आत शिरला की हवेला बाहेर थांबावं लागे. धंदा वडिलांकडून मिळालेला, आणि धंद्याबरोबर एक शिस्तही. दार किती जाड, कुलूप कुठलं, एवढंच विचारायचं. का, ते विचारायचं नाही. छत्तीस वर्षं त्याने ही शिस्त पाळली. पोटाला काही कमी पडलं नाही आणि झोपेलाही.

चर्चच्या मंडळीने आपलं एक जुनं घर निवाऱ्यासाठी दिलं होतं. घरच्यांच्या मारहाणीतून जीव वाचवून बाहेर पडलेल्या बायका तिथे मुलाबाळांसह राहत. घराला पाटी नव्हती. पत्ता मंडळीतल्या दहाबारा जणांनाच ठाऊक. बाकीचे चर्चच्या मागच्या खोलीत चादरी, गणवेश, सगळ्या मापांच्या चपला आणून ठेवत आणि त्या कुठे जातात याची चौकशी करत नसत. किल्लीवाल्याची बायको आठवड्यातून दोन दुपारी तिथला फोन सांभाळायची. तिथली कुलुपं खिळखिळी झाल्याचं तिनेच घरी येऊन सांगितलं.

"रविवारी तोंड भरून आमेन म्हणता," ती म्हणाली, "गुरुवारी जरा हात चालवले तर काय झिजतील?"

"अगं, पण गुरुवारी टपरी..."

"गुरुवारी टपरीत तुम्ही पेपर वाचता. मी बघितलंय."

तो मुकाट्याने हत्यारांची पेटी घेऊन निघाला.

निवाऱ्याचा कारभार एक निवृत्त नर्स बघायची. सगळे तिला मोठीताई म्हणत. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "जिची खोली, तिच्यासमोरच काम. कडी किती उंचीवर, कुलूप कसलं, ते ती सांगेल. सगळ्या किल्ल्या तिच्या हातात."

"मोठीताई, कडीची उंची काय विचारून ठरवायची असते? माझं आयुष्य गेलंय यात."

"तुमचं गेलं. त्यांचं अजून राहिलंय. विचारा."

मग तो विचारू लागला. एकीला एकाच दारावर तीन कड्या हव्या होत्या. त्याने तीन लावल्या. एकीला एकही नको होती. दार लागताना आवाज होऊ नये, एवढंच तिचं मागणं. अख्खी दुपार त्याने दाराची कड रंधली. शेवटी दार असं मिटलं, जशी पेंगणाऱ्याची पापणी. ती बाई दार उघडत राहिली, मिटत राहिली आणि हसत राहिली. त्याने खाली वाकून भुसा गोळा केला. दोन वर्षांत गुरुवार त्याच्या अंगवळणी पडला. पेपर आता शुक्रवारी शिळा वाचला तरी चालायचा.

अशाच एका गुरुवारी मोठीताईने त्याला वरच्या खोलीत नेलं. खाटेवर सातआठ वर्षांची मुलगी वह्यांना कव्हरं घालत बसली होती. शाळा सोमवारीच सुरू झाली होती तिची. आई खिडकीशी उभी होती. तिने वळून पाहिलं आणि एका झटक्यात मुलगी आणि किल्लीवाला यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तुम्ही सहा इंची कडी लावली होती," ती म्हणाली. "मांजरासाठी."

किल्लीवाल्याला आधी काहीच उमगलं नाही. मग ते घर आठवलं. चार वर्षं झाली असतील. आतली अडगळीची खोली, आणि तिच्या दाराला बाहेरून कडी. मांजर शिरतं, हिचा नवरा म्हणाला होता.

"ताई, हा माणूस माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा आहे," तिने कपाटातून बॅग ओढली. "आम्ही आजच निघतो. दुसऱ्या गावी कुठे सोय होते का बघा. वह्या भर गं, बाळा."

"आई, पण माझी शाळा..."

"वह्या भर म्हटलं ना!"

"जरा ऐक," मोठीताई म्हणाली. "हे आपल्या चर्चचे आहेत. दोन वर्षं येतायत इथे."

"देवाचं नाव घेणारे मीही पाहिलेत, ताई."

मुलीने एक वही पिशवीत टाकली, दुसरी छातीशी धरून ठेवली. 'मला काही कल्पना नव्हती हो,' हे वाक्य अगदी तयार होऊन किल्लीवाल्याच्या जिभेवर आलं होतं. गुळगुळीत वाक्य. कुठल्याही कुलपाला लागेल असं.

त्याने ते गिळलं.

"कळलं होतं मला," तो म्हणाला.

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली.

"त्यांनी लांब स्क्रू टाकायला सांगितले, तेव्हाच कळलं. मांजराला छोटे पुरतात. लांब लागतात ते आतून कोणी धक्के मारणार असेल तर. आणि खोलीत गादी होती. ती पण दिसली."

"मग?"

"मग काही नाही. लावली कडी. घरी जाऊन जेवलो."

खाली कुणीतरी बादलीत नळ सोडला होता. बादली भरून वाहू लागली तरी तिघं मोठी माणसं जागची हलली नाहीत.

"मी तुम्हाला पाणी दिलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघत उभी होते. तुम्ही ग्लासातच बघत होतात."

"हो. मुद्दाम."

ती खाटेच्या कडेवर बसली. तिचा आवाज खाली आला. "सासू म्हणते, काही कळलंच नाही. शेजारीण म्हणते, कळलंच नाही हो, नाहीतर आलो नसतो का! माझा भाऊसुद्धा तेच. इतक्यांना कळलं नाही म्हटल्यावर मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. कडी नव्हतीच कदाचित."

"होती. पितळी. चार स्क्रू."

तिने तोंडावर पदर घेतला. मुलगी वही बाजूला ठेवून तिला बिलगली. किल्लीवाला पेटी उचलून म्हणाला, "तुम्ही कुठे जाऊ नका. मी जातो. तुमच्या नवऱ्याकडे मी त्या एकाच दिवशी गेलो होतो, पुन्हा तोंड पाहिलं नाही. तुम्ही सांगाल तर या गल्लीतही दिसणार नाही."

तो दारापर्यंत पोचला होता.

"थांबा," ती म्हणाली. "कोर्टात माझी केस आहे. तो म्हणतो, कोंडलं वगैरे सगळं बनाव आहे. माझ्याकडे पुरावा नाही. हे तिथे सांगाल?"

छत्तीस वर्षांची शिस्त त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट बाहेर बोलणाऱ्या कुलूपवाल्याला कोण दारात उभं करील?

"सांगेन," तो म्हणाला.

त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "चार वर्षं मला नाही सांगितलंत."

"स्वतःलाही नव्हतं सांगितलं."

"तारीख कधी आहे? शर्ट इस्त्री करावा लागेल."

तारखेला पाळक आले, मोठीताई आली आणि मंडळीतली चौदा माणसं येऊन मागच्या बाकांवर बसली. नुसती बसली, उपासनेला बसतात तशी. नवऱ्याचा वकील हसत हसत म्हणाला, "कडी कशासाठी, हे तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

"मग आज कशाच्या आधारावर सांगता?"

"साहेब, स्क्रू तीन इंची होते. माझ्याच हातांनी पिळलेत."

मागच्या बाकावर कुणीतरी श्वास सोडला. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. निकाल पुढे लागायचा होता, पण त्या दिवशी नवऱ्याच्या वकिलाने 'बनाव' हा शब्द पुन्हा काढला नाही.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तो आभार ऐकायला घाबरत होता. ज्याने कडी लावली त्याचे आभार कसले? उलट तिनेच त्याला दारात थांबवलं होतं, नाहीतर तो जन्मभर त्या ग्लासातच बघत राहिला असता. हे तिला सांगावं असं त्याच्या मनात होतं.

तिने आभार मानलेच नाहीत.

"आमच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही," ती म्हणाली. "गुरुवारी याल?"

त्याने मान डोलावली. मग वळून भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"अहो, फुटेल तो," बायको म्हणाली आणि आपला रुमाल पुढे केला.