गाळलेला हशा

समितीच्या खोलीत त्याला सगळे टिपकागद म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे. समोर जे सांडेल ते टिपून घ्यायचं आणि आपलं मत म्हणून एक थेंबही परत द्यायचा नाही, हेच तर त्याचं काम होतं. हुद्दा लघुलेखक. कायदे करणाऱ्या सभागृहाच्या मागच्या अंगाला समित्यांच्या खोल्या होत्या. तिथे कुणी तोंड उघडलं की टिपकागदाची पेन्सिल चालू होई आणि ते तोंड मिटेपर्यंत थांबत नसे. अशी एकतीस वर्षं झाली होती.

लघुलेखकांत दहा मिनिटांचा टर्न असे. दहा मिनिटं लिहायचं, मग मागच्या दाराने दुसरा लघुलेखक येणार, खुर्चीशेजारी उभा राहणार, आणि याने वाक्याच्या मध्यावर उठून वर टायपिंगला जायचं. समोरचा माणूस रडत असो की आरोप करत असो, घड्याळ बघून उठायचं. त्यामुळे झालं होतं काय, की एकतीस वर्षांत या गृहस्थाने एकही चर्चा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली नव्हती. देशातला प्रत्येक वाद त्याच्या कानावरून गेला होता, पण तुकड्यातुकड्यांनी.

त्या वर्षी समितीपुढे दोन विषय एकत्र आले होते. जनुकीय बदल केलेल्या धान्याच्या पाकिटावर तशी ठळक सूचना छापायची का, हा एक. आणि झाडपाल्याच्या औषधांना, तेल-लेपाच्या उपचारांना सरकारी आरोग्य योजनेत जागा द्यायची का, हा दुसरा. दोन्ही विषयांत निसर्ग येतो म्हणून कुणीतरी एकाच समितीच्या गळ्यात बांधले होते. सकाळी एक टक्कल पडलेले सदस्य टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हजारो वर्षांच्या बियाण्यात ढवळाढवळ करणारे तुम्ही कोण? निसर्गाला कळतं काय ते!" आणि दुपारी, तेलाच्या बाटलीवर बोट ठेवून, हेच सदस्य म्हणाले, "निसर्ग निसर्ग काय करता? पुरावा दाखवा!" योगायोगाने दोन्ही टर्न टिपकागदाचे होते. त्याने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली. आपण काय म्हणणार! घराच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी त्याला जिन्यात अडवून विचारायचा, "काय हो, तो नवा मका खायचा की नाही शेवटी?" तर हा म्हणायचा, "मी होतो तोवर खायचा असं चाललं होतं. अकरा वीसला मी उठलो."

त्याच्या कामाचे नियम थोडे, पण कडक होते. बोललेला शब्द बदलायचा नाही. खोलीत तोंड उघडायचं नाही, अगदी आग लागली तरी आधी दुसऱ्या कुणाला तरी ओरडू द्यायचं. आणि शब्दांशिवाय जे घडतं ते कंसात घालायचं: अडथळा, गोंधळ, हशा. विभागप्रमुख बाई नव्या माणसाला शिकवताना सांगत, "एक जण हसला तर तो त्याचा प्रश्न. तिघं हसले की कंसात हशा." ध्वनिमुद्रण होत असे, पण ते फक्त शब्द ताडून बघायला. हसू होतं की खोकला, हे लघुलेखकाच्या कानावर सोडलेलं असे. टिपकागदाच्या कानावर तर बाईंचा इतका भरवसा, की त्याचा मजकूर त्या चाळल्यासारखा करून पुढे पाठवत.

घरी तो आणि बायको, दोघंच. लेक लग्न होऊन लांब गेली होती. बायको अठ्ठावीस वर्षं शाळेत लहान मुलांना अक्षरं गिरवायला शिकवत होती, आणि आता तिची बोटंच वाकायला लागली होती. संधिवात. सकाळी तिला कप उचलता येत नसे, केसांना पिन लावता येत नसे, दाराची कडी कोपराने ढकलावी लागे. गोळ्या चालू होत्याच, डॉक्टरांनी बंद केल्या नव्हत्या. त्यांच्या जोडीला योजनेत वर्षभर प्रयोग म्हणून एक उपचार मंजूर झाला होता: आठवड्यातून तीनदा सरकारी केंद्रात जायचं, तिथली उपचारिका झाडपाल्याचं कोमट तेल लावून अर्धा तास हात चोळायची. चार महिन्यांत बाईसाहेब फळ्यावर लिहायला लागल्या नसल्या, तरी भाजी चिरायला लागल्या. एका सकाळी तिने स्वतःच्या हाताने शर्टाला बटण लावून दाखवलं, तेव्हा दोघंही उगाचच हसत बसले होते.

आता हा प्रयोग पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते समिती ठरवणार होती. म्हणजे तिच्या बोटांचं काय होणार तेही.

साक्षी नोंदवायच्या दिवशी टिपकागदाचा टर्न दुपारी साडेबाराला लागला. तो खुर्चीत बसला, वहीची घडी मोडली, टोक केलेल्या पेन्सिली ओळीने ठेवल्या आणि मान वर केली. समोर साक्षीदाराच्या खुर्चीत त्याची बायको.

तिने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. उपचार घेणाऱ्यांपैकी कुणी बोलायला येईल का, असं केंद्रात विचारलं, आणि हिने हात वर केला. घरी सांगितलं तर हा नको म्हणेल, असा तिचा अंदाज होता, आणि तो खराच होता. आता उठून जायची सोय नव्हती. पुढचा लघुलेखक दहा मिनिटांनी येणार. त्याने पेन्सिल धरली आणि लिहिलं: साक्षीदार क्रमांक सात.

ती बोलली मात्र झकास. घाबरली नाही, पाल्हाळ लावलं नाही. चार महिन्यांपूर्वी काय येत नव्हतं आणि आज काय येतं, ते एकेक सांगितलं. मग टक्कलवाले सदस्य पुढे झुकले. "बाई, हा गुण तेलाचाच कशावरून?"

ती म्हणाली, "आता तेलाचा की चोळणारीच्या हाताचा, मला काय ठाऊक साहेब! आमच्याकडे एकतीस वर्षांत माझा हात धरून कुणी अर्धा तास बसलेलं नाही, त्यामुळे तुलना करायला काही नाही."

खोली फुटली. अध्यक्ष हसले, टक्कलवाले हसले, चहा आणणारा दारात उभा राहून हसला. ती स्वतःही हसली. आणि हसू ओसरायच्या आत तिने पुढचं सांगून टाकलं: याआधी वर्षभर ती तेल विकत आणून स्वतःच लावत होती, शेजारीण चोळून देत होती, कशाचाही उपयोग झाला नव्हता, शिकलेल्या हातानेच फरक पडला. म्हणून उपचार चालू ठेवा. बस्स. अध्यक्षांनी तिला हात जोडले.

टिपकागदाच्या कानशिलांना मात्र आग लागली होती. एकतीस वर्षं! त्याच्या नोकरीची आणि लग्नाची वर्षं एकच, हे त्या खोलीत निम्म्या लोकांना माहीत होतं. तो वर गेला, टायपिंगला बसला. बोटं आपसूक चालत होती. ती त्या वाक्यापर्यंत आली. वाक्य त्याने पूर्ण टाइप केलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तेवढा तो इमानी होताच. पुढे कंस यायला हवा होता. त्याने तो घातला नाही. आपल्या बायकोला लोक हसले, हे सरकारी कागदावर कायमचं कशाला, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर लोक त्याला हसले होते, आणि तेच त्याला झोंबलं होतं.

नियमाप्रमाणे साक्षीदाराला आपली साक्ष वाचून दुरुस्ती सुचवायला तीन दिवस मिळत. ते कागद टिपकागदच घरी घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर ठेवले, शेजारी पेन ठेवलं.

"वाचून बघ."

"तुम्हीच लिहिलंय ना? मग वाचायचं काय!" असं म्हणून तिने सही केली. सही बऱ्यापैकी सरळ आली. तिने ती त्याला कौतुकाने दाखवलीसुद्धा.

निर्णयाची बैठक सहा आठवड्यांनी झाली. सतरा सदस्यांपैकी साक्षीच्या दिवशी खोलीत जेमतेम सहा होते. बाकीच्यांनी नोंदी वाचल्या होत्या, आणि नोंदींवरच ते मत देणार होते. टिपकागदाचा टर्न सुरू झाला तेव्हा एक चष्मेवाल्या सदस्य बाई कागद उलटत होत्या. साक्षीच्या दिवशी त्या परगावी होत्या.

"इथे साक्षीदार सात स्वतःच सांगताहेत, गुण तेलाचा की हाताचा हे ठाऊक नाही. शिवाय घरी कुणी हात धरत नाही, असंही म्हणताहेत. पुढे शिकलेल्या हाताने फरक पडला म्हणतात, तोही हातच. म्हणजे बाईंना औषध नको आहे, सोबत हवी आहे. सोबतीला आपण योजनेतून मंजुरी द्यायची का?"

"नाही हो," अध्यक्ष म्हणाले, "मला वाटतं त्या गमतीने बोलल्या. आम्ही हसलो होतो तेव्हा."

"नोंदीत हशा नाही, अध्यक्षसाहेब."

अध्यक्षांनी पान काढलं, चष्मा वर केला, बोटाने ओळ शोधली. टक्कलवाल्यांकडे बघितलं. टक्कलवाले म्हणाले, आठवत नाही बुवा, इतक्या साक्षी झाल्या. मग अध्यक्षांनी सवयीने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं, जिथे लघुलेखक बसतो तिथे. क्षणभरच. लघुलेखकाला कुणी काही विचारत नाही, तशी पद्धतच नाही.

टिपकागदाला बोलता आलं असतं. हशा होता, साहेब. मी गाळला. एवढं म्हणायला पाच सेकंद पुरली असती. नोकरीतली एकतीस वर्षं गेली असती चुलीत, पण बोटं वाचली असती. त्याच्या हातातली पेन्सिल चालू होती. तिने लिहिलं: नोंदीत हशा नाही.

"नाही खरं," अध्यक्ष म्हणाले आणि पान मिटलं.

ठराव चष्मेवाल्या बाईंनीच मांडला. तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करता येते, स्पर्शाची करता येत नाही; सबब तेल योजनेत ठेवावं, हाताने करायचे उपचार वगळावेत. हात वर झाले. त्याच बैठकीत मक्याच्या पाकिटावरच्या सूचनेचंही काहीतरी ठरलं, पण तोवर त्याची दहा मिनिटं संपली होती.

महिनाअखेरीस केंद्रातली खोली बंद झाली आणि घरी तेलाच्या तीन बाटल्या आल्या, शिक्का मारलेल्या, एकदम अधिकृत. बायकोने त्या कपाटावर ठेवून दिल्या. पंधरवड्यात बोटं पुन्हा आखडली.  ती कप दोन तळव्यांत धरून चहा प्यायला लागली. टिपकागदाला ते बघवेना. एका रविवारी सकाळी त्याने बाटली खाली काढली, तेल वाटीत ओतून कोमट केलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"त्या दिवशी लोक हसले होते," तो म्हणाला. "ते मी लिहिलं नाही. म्हणून सगळं उलटं झालं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. "अहो, ती गंमत होती! ते हसले म्हणून तर मला पुढचं बोलायचा धीर आला. आणि तुम्ही... मी न वाचता सही केली हो त्याच्यावर!"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. वाटते."

 शेवटी तिने उजवा हात पुढे केला, तोही माफ केल्यासारखा नाही, दुखतो म्हणून. त्याने चोळायला सुरुवात केली. "एवढ्या जोरात नको. ती केंद्रातली अंगठ्याने करायची, सांध्याभोवती, गोल. आई गं! हळू!" तो घामाघूम झाला. दोन्ही हात तेलात, घड्याळ बघायचीही सोय नाही.

"ती सगळं विचारायची," बायको थोड्या वेळाने म्हणाली. "बोटं चोळताना माणूस गप्प बसत नाही. गुडघ्यांचंही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"गुडघ्यांचं काय?"

"डॉक्टर म्हणाले ते. वर्ष-दोन वर्षांत गुडघ्यांवर येणार. जिना बंद होईल."

त्याचे हात थांबले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की! मार्चमध्ये, जेवताना. तुम्ही 'हं' म्हणालात आणि आमटी वाढून घेतलीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याने आठवायचा प्रयत्न केला. मार्चमधली मक्यावरची पंचवीस भाषणं आठवली, पुराव्याची आकडेवारी आठवली, कोण कुणाला काय म्हणालं तेही आठवलं. ते जेवण काही आठवेना. त्याने तिचा डावा हात ओढून घेतला.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."