कॉम्प्युटरवाली गाडी आणि आमचे अप्पा

हुमनाबादला हायवेवर आमचं गॅरेज. तिथं जुने स्पार्क प्लग कुणी टाकून देत नाही, तसे किस्सेही नाही. डब्यात पडून राहतात. चहा आला की एकेक निघतो!

अप्पा म्हणजे माझे वडील. इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून रोग सांगणारे मिस्त्री. मी गुलबर्ग्याहून इंजिनिअर होऊन गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊन आले, तर म्हणाले, "स्थळ बघायलाव तुला. तवर खुर्चीवर बस. हात काळे करू नको."

खुर्चीवर बसायला शिकले होते का मी?

*

नव्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हवा किती आली, इंजिन किती तापलं, हे त्याला सेन्सर सांगतात. अप्पांना हे पटेना. पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू शोधण्यात त्यांनी सकाळ घालवली.

शेवटी वैतागले, "स्क्रूच ठिवला न्हाई! मिस्त्रीवर एवढा अविश्वास कामून?"

*

एकाची गाडी चढाला दम तोडत होती. डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागायला हवा, तर दिसेना. बघते तर दिव्यावर काळी टेप!

"ही कुणी लावली?"

"तुमच्या अप्पानंच की, ताई! दिवा सारखा डोळ्यावर यायलता."

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी छपराच्या पत्र्याकडं.

*

दसऱ्याच्या आयुधपूजेला अप्पांनी गिऱ्हाइकाची गाडी बॉनेट उघडून प्रेशरच्या पाण्यानं धुतली, हळदकुंकू वाहिलं. मग चावी फिरवली, तर गप्प!

खादरमामा, आमचे इलेक्ट्रिशियन, अप्पांना म्हणाले, "अण्णा, कम्प्युटर कू भी नहलाये क्या?"

"वर्सातनं एकदा आंघोळ, तीबी सोसंना व्हय त्याला?"

मी वायरींचे कनेक्टर उघडून वाळवले. गाडी सुरू झाली. श्रेय देवीला!

*

शेवटी पुण्याहून पाहुणे आलेच, नव्या गाडीतून. घर गॅरेजच्या मागंच. पोहे झाले, प्रश्न झाले, पसंतीही झाली. निघायला बसले, तर इंजिन धरेना.

अप्पा घामाघूम. मी साडीचा पदर खोचला नि स्कॅनर लावला. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सरच मुका! म्हणून तो पेट्रोल सोडेना. कनेक्टर सैल होता. दाबला. कट्! गाडी सुरू.

मुलाचे वडील हसले. "हुशार आहे हो मुलगी! पण लग्नानंतर हे बंद. आमच्या सुना बॉनेटखाली वाकत नाहीत."

"व्हय, व्हय," अप्पा म्हणाले. शांतपणे बॉनेटखाली वाकले नि तोच कनेक्टर उपसून काढला. इंजिन बंद.

हात पुसत म्हणाले, "पुण्याची बस ष्टँडावर मिळंल, पाहुणं."