भिंतीवरची मंजुळा

ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी आजवर कुणाला नाही – बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

हसण्याची अर्धी आधी. तारापूरला वीजकेंद्राचं काम नुकतं सुरू झालं होतं. मी तिथल्याच किनाऱ्यावर, एका कोळीवाड्याच्या शाळेत मास्तर. मेहुण्याचा बॉक्स कॅमेरा हाती आला आणि मी स्वतःला कलावंत समजू लागलो. दिसेल त्या पोराचा फोटो! आईबापांना आधी विचारावं, पोरांना विचारावं – छे! मास्तराने कुणाला विचारायचं?

सातवीतल्या मंजुळेचा फोटो झकास उतरला. आमच्या शाळेतून सातवीच्या फायनल परीक्षेला बसणारी ती पहिली मुलगी. शाळेच्या तपासणीला दीपोटीसाहेब येणार म्हणून तो पालघरहून मोठा करून आणला, चौकट घातली आणि लावला भिंतीवर, थोर पुरुषांच्या रांगेत. त्या सकाळी सगळ्या तसबिरींना झेंडूचे हार घातले. हिलाच उघडी कशी ठेवायची? रांग बिघडत होती हो! तिलाही घातला.

साहेब आले. तसबिरी बघत बघत मंजुळेपाशी थबकले. चपला काढल्या, हात जोडले. "अरेरे! कशाने गेली हो पोर?" आणि तेवढ्यात दारातून मंजुळाच आत आली – साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन!

इथे माझी मुलं पोट धरून हसतात. मीही हसतो, आणि घाईघाईने पानाला चुना लावायला घेतो.

पण – तिच्यामागे तिची आई उभी होती. लेकीचं कौतुक ऐकायला मीच बोलावलेली. त्या वाड्यात घरी फोटो असायचा तो दर्याने गिळलेल्या माणसाचा, हार घातलेला. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. आणि त्या दिवशी मंजुळेचा बाप होडी घेऊन बाहेर गेलेला.

"माज्या जित्या पोरीला हार? हिचा बापूस दर्यात हाय, मास्तर! कोनी केला हा?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी काय वाचवत होतो – नोकरी? की नुसती लाज? माझं मलाच ऐकू आलं – कोण बोलतंय हे? – "तिनंच हट्ट धरला. माझाही फोटो लावा, हार घाला म्हणून."

आईने तिला भर वर्गात मारलं. तांब्या पडला. पोर रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली – गुरुजी आता खरं सांगतील, अशी. आणि गुरुजींनी काय केलं? वाकून सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

बाप सुखरूप परतला. मंजुळा शाळेत परतली नाही. असले अभद्र हट्ट शिकवणारी शाळा त्यांना नको झाली. फायनलच्या सकाळी मी बाकीच्या पोरांना घेऊन बोईसरच्या गाडीसाठी निघालो, तर ती वाटेकडेच्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून जवळ आली.

"गुरजी, मी तसा बोलले नाय ना?"

विचारत होती, हो. भांडत नव्हती. सगळ्यांनी इतकं सुनावलं होतं की तिचं तिलाच खरं वाटेनासं झालं असावं. हो-नाही एवढंच सांगायचं होतं मला.

मी पोरांकडे वळलो आणि म्हणालो, "चला रे, गाडी चुकेल."