भिंतीवरचा खोबरेलाचा डाग

नाशिक रोडला आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे प्लायवूडच्या टेबलावर मी छोटी रेल्वे मांडली आहे. इंजिन वीतभर लांब. इंजिन, डबे, रूळ विकतचे. पण रुळांच्या कडेची घरं आणि दुकानं मी स्वतः करतो, पुठ्ठ्याची आणि आइस्क्रीमच्या काड्यांची, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. प्रत्येक वास्तू कुणातरी मित्राची आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या शिक्षणाला ज्यांचा हात लागला, त्यांच्यासाठी मला एवढंच करता येतं.

नवंकोरं काही मी ठेवत नाही. वास्तू पूर्ण झाली की ती जुनी करायला घेतो. चहाच्या पाण्याने भिंती मळवतो, व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजवून पत्र्यांना गंज आणतो. दिंडोरीचा एक वर्गमित्र आपलं द्राक्षबागेतलं शेड बघायला आला, तर म्हणाला, "माझे पत्रे आता नवेकोरे हायेत. तू गंज कुठून आणला?" मी म्हणालो, आपण शिकत होतो तेव्हा होता, तेवढाच लावला. "म्हणजे मी सुधारलेला तुला बघवत नाय," असं म्हणून तो फोटो काढून घेऊन गेला.

जो बघायला येऊ शकत नव्हता, त्याचं दुकान मी सर्वांत शेवटी केलं.

तो सिन्नरचा. वडील गेल्यामुळे दहावीनंतर त्यांच्या शिलाई मशीनवर बसला. तेव्हा आम्हीही सिन्नरलाच, एका खोलीच्या घरात सात माणसं, म्हणून कॉलेजची तीन वर्षं मी संध्याकाळी त्याच्या दुकानात अभ्यास केला. गिऱ्हाइकांचा बाक भिंतीला लागून होता, मशीन समोर. तो म्हणायचा, "कलेक्टर, मोठ्यानं वाच. मशीनच्या वर आवाज आला पाहिजे, मलाबी कळू दे." मी अर्थशास्त्र वाचायचो आणि तो पँटी शिवत ऐकायचा. कलेक्टर काही झालो नाही, पण सरकारी नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तेव्हा बाकामागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा एक गोल, काळपट डाग मी पहिल्यांदा नीट पाहिला.

पुढे जाणं कमी झालं. मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. रस्ता रुंद होणार, दुकान पडणार. त्याआधी एकदा ये. रविवारी येतो म्हणालो. असे चार रविवार गेले. सिन्नर एसटीने तासाभरावर आहे. पाचव्या आठवड्यात तो गेल्याचा निरोप आला. आजारी होता, हे फोनवर बोलला नव्हता. दशक्रियेला गेलो, तेव्हा दुकानाच्या जागी खडी पसरलेली होती. त्याच्या बायकोशी न बोलताच परत आलो. त्याला मला काय सांगायचं होतं, हे विचारायची छाती झाली नाही.

ते दुकान मी पौषात केलं. काडेपेटीएवढं. भिंतीला पानाचा चुना लावला. बाकासमोर इवलंसं मशीन ठेवलं आणि बाकावर त्याची लहानशी आकृती बसवली, डोकं मागे टेकलेली, कारण डोळ्यांपुढे तो तसाच यायचा. मग डोक्याच्या मागे सुईच्या टोकाने थेंबभर खरं खोबरेल लावलं. बाजरीच्या दाण्याएवढा डाग उठला. हुबेहूब.

थंडी सरली तसं थिजलेलं तेल पुठ्ठ्यात उतरू लागलं. डाग मसुराएवढा झाला. मी वरून चुना दिला. दोन दिवसांनी तो चुन्यातून वर आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा चुना दिला, पुन्हा आला. चैत्रात तो अंगठ्याच्या नखाएवढा होता. त्या दुकानाच्या मापाने पाहिलं, तर आकृतीच्या मागे आणखी एक माणूस बसल्यासारखा. खोलीत मी एकटा असलो की त्या बाजूला पाठ करून काम करत नसे.

त्यातच त्याच्या बायकोचा फोन आला. नाशिक रोडहून दुपारची गाडी होती, त्याआधी दुकान बघून जाते म्हणाली. या छोट्या दुकानाचं माझ्या पत्नीने तिला सांगितलं होतं. भिंत बदलावी असं मनात आलं, पण हात धजला नाही.

ती टेबलाजवळ बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, ह्यांना बाकावर कशाला बसवलं? बाकावर कधी बसायचे ते? पाठ दुखली तरी मशीन सोडायचे नाय."

मी भिंतीवरच्या डागाकडे बोट केलं. त्याचाच होता ना, म्हणालो.

"तो ह्यांचा नाय. तुमचा हाय." तिने पदराने चष्मा पुसला. "दर दिवाळीला दुकानाला रंग द्यायचे, तेवढी जागा सोडून. मी म्हणायची, लय घाण दिसतं. तर म्हणायचे, राहू दे, तिथं टेकून कलेक्टर शिकला. फोन केला होता ना तुम्हाला? तेच दाखवायचं होतं. म्हणाले, भिंत पडायच्या आधी त्याला एकदा बघून जाऊ दे."

माझी नजर पुस्तकात असायची आणि भिंत पाठीमागे. समोर मशीनवर बसलेल्याला मात्र तो डाग रोज दिसत होता. मी तिथून गेल्यावरही.

तिला स्टेशनवर सोडून आलो आणि चिमट्याने ती आकृती उचलली. टेकून बसलेली ती, मशीनवर बसेना. नवी केली, वाकलेली. तिचा चेहरा दिसत नाही.

बाक रिकामा आहे. डाग अजून पसरतो आहे. आता मी त्यावर चुना देत नाही.