हुंकाराला जागा

काचबिंदूनं आईला दिसेनासं झालं, तेव्हा मी तिच्या लातूरच्या घरी एक जुना कॉम्प्युटर बसवला, लिनक्स या फुकटच्या सिस्टिमवर चालणारा. एक बटण दाबलं की तो मराठी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाबा गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला खोली करून राहते. कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी नोकरी, आणि आईचाही मी इथूनच सांभाळते.

एका रविवारी दुपारी करमेना म्हणून तो अपग्रेड करायला घेतला. अमुक पॅकेजेस, म्हणजे आतले जुने प्रोग्रॅम, काढली जातील, चालेल का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. ती लांबलचक नावं कोण वाचत बसतं! थोड्या वेळानं आईचा फोन. "काय गं, हे मुकं झालं की."

वाचणारा आवाजच उडाला होता. परत बसवायला गेले तर तो हटून बसला, मला माझ्या जुन्याच फायली पाहिजेत. त्या आणाव्यात तर नवी सिस्टिम म्हणे, मग मी चालणार नाही. डोकं फिरलं माझं. शेवटी नवा आवाज बसवला. काय सुरेख वाचायचा! अडखळणं नाही, थांबणं नाही. माझी मीच खूश.

पुढचे दोन दिवस इथून बघते तर आईनं कॉम्प्युटर लावलेलाच नाही. फोन केला.

"आई, पेपर नाही ऐकलास?"

"न्हाई ऐकावा वाटला."

"अगं, इतका चांगला आवाज दिलाय!"

"चांगला हाय की. पण लई पटापटा बोलतंय बाई. हुंकार कधी द्यायचा?"

आधी मला कळेचना. मग आठवलं. आजोळी जळकोटला आजोबा गोष्ट सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्यानं ओळीओळीला 'हुं' म्हणायचं, हा नेमच. हुंकार थांबला की पोरं झोपली समजून तेही थांबायचे. तो जुना आवाज बिचारा दर वाक्याला दम खायचा. तेवढ्यात आई 'हुं' म्हणायची, 'अगं बाई' म्हणायची, पुढाऱ्यांना शिव्या घालायची. दिवसभरात तिचं बोलणं व्हायचं ते एवढंच. आणि ते मी सुधारायला निघाले होते!

नव्याचा वेग कमी करून पाहिला, तर मेला शब्द ताणायला लागला, पण थांबेना. मग मीही हट्टाला पेटले. जुन्याला त्याच्या जुन्या फायलींसकट वेगळ्या फोल्डरात बसवलं, नव्या सिस्टिमचा वाराही लागू दिला नाही. पुढच्या अपग्रेडनं हात लावू नये म्हणून वर कुलूपही घातलं. सकाळी फोनवरून आईला बटण दाबायला सांगितलं. तो खरखरत सुरू झाला. एक वाक्य वाचलं आणि थांबला.

"हुं," आई म्हणाली.

मला रडूच आलं. काय अडलं होतं, कशी खटपट केली, सगळं तिला सांगायचं होतं. या खोलीत मला विचारणारं दुसरं आहे कोण?

"आई, ऐक ना, त्याचं काय झालं..."

"ठेव गं आता," ती म्हणाली. "ते वाचायलंय."